वाटेत सांडलेले व्होल्ट

अ‍ॅरिझोना राज्याच्या पश्चिम टोकाला, कॅलिफोर्नियाची हद्द जिथून फार लांब नाही, तिथे क्वार्ट्झसाइट नावाचे छोटे वाळवंटी गाव आहे. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या मोसमात गावालगतच्या ला पोसा या सरकारी जमिनीवर शुल्क भरून महिनोन्‌महिने मुक्काम ठोकता येतो. उत्तरेकडच्या बर्फातून पळून आलेली हजारो चाकांवरची घरे तिथे विसावतात. जागेवर विजेचा खांब नाही. दिवसा ऊन छान लागते, पण जानेवारीच्या पहाटे पारा शून्याजवळ जाऊ शकतो, आणि अशा वेळी गाडीमागे ओढून आणलेल्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये एक ठरावीक तक्रार उद्भवते. गॅसवरच्या फर्नेसचा पंखा फिरतो, गार हवा येत राहते, ज्योत मात्र पेटत नाही. टाकीत गॅस आहे, त्याच टाकीवरची शेगडी नीट पेटते आहे, म्हणजे दोष फर्नेसचाच, असा निष्कर्ष निघतो. त्याचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड बदलला जातो, कधी गॅसचा व्हॉल्व्ह बदलला जातो, आणि पुढच्या थंड पहाटे तक्रार जशीच्या तशी उभी राहते. गंमत अशी, की हाच ट्रेलर विजेची सोय असलेल्या कॅम्पग्राउंडवर नेला तर फर्नेस पहिल्या फटक्यात पेटतो. या फर्नेसमध्ये पंख्याच्या झोतात एक हलकी पट्टी बसवलेली असते, तिला सेल स्विच म्हणतात. झोत पुरेसा जोरदार असेल तरच ती पट्टी ढकलली जाते आणि मगच गॅस सोडण्याची परवानगी मिळते. पंख्यापर्यंत पोचणारे व्होल्टेज कमी पडले की पंखा आळसावतो, पट्टी हलत नाही, आणि फर्नेस नियमाप्रमाणे गॅस अडवून धरतो. म्हणजे फर्नेस आपले काम चोख करत असतो. पैसे मात्र त्याच्यावरच खर्च होतात.

ट्रेलरमधल्या विजेच्या बहुसंख्य तक्रारी याच जातीच्या असतात, असे माझे म्हणणे आहे. जी वस्तू बंद पडलेली दिसते ती क्वचितच बिघडलेली असते. वीज जिथून निघते आणि जिथे पोचायला हवी त्या वाटेवर कुठेतरी एखादा जोड सैल, गंजलेला किंवा जळलेला असतो आणि व्होल्ट तिथे सांडून जातात. त्यामुळे दुरुस्तीची सुरुवात वस्तू उघडण्यापासून न करता वाट मोजण्यापासून करावी, आणि मोजणी वस्तू चालू असताना, म्हणजे लोडवर करावी. ऐकायला हे साधे वाटते. प्रत्यक्षात मालक आणि दुरुस्तीवाले दोघेही याच्या उलट करतात. त्याची कारणे आहेत, आणि ती सगळीच मूर्खपणाची नाहीत.

आधी रचना समजून घेऊ. अमेरिकन ट्रेलरमध्ये दोन स्वतंत्र वीजव्यवस्था शेजारी शेजारी नांदतात. एक १२ व्होल्ट डीसीची: दिवे, पाण्याचा पंप, फर्नेसचा पंखा, गॅसगळती ओळखणारे यंत्र, फ्रिजचा नियंत्रक बोर्ड, पुढचा जॅक आणि बाहेर सरकणाऱ्या खोलीची मोटार तिच्यावर चालतात. दुसरी १२० व्होल्ट एसीची: एअर कंडिशनर, मायक्रोवेव्ह, भिंतीवरची सॉकेट्स. दोन्हींच्या मधला पूल म्हणजे कन्व्हर्टर. बाहेरची १२० व्होल्टची वीज मिळाली की तो तिचे साधारण १३.६ व्होल्ट डीसी करतो, दिवे चालवतो आणि बॅटरी भरतो. मराठी घरांत इन्व्हर्टर म्हणून जी पेटी असते ती बॅटरी भरते आणि वीज गेल्यावर बॅटरीतून सॉकेटलाही वीज देते. ट्रेलरचा कन्व्हर्टर यातले पहिलेच काम करतो. त्यामुळे ट्रेलर भाड्याने घेऊन यलोस्टोनच्या वाटेला लागलेल्या न्यू जर्सीच्या किंवा टेक्ससच्या मराठी कुटुंबाला रानात मुक्काम पडला की दिवे लागलेले दिसतात, पण मिक्सर चालत नाही. हा बिघाड नाही, रचनाच तशी आहे, आणि वेगळा इन्व्हर्टर बसवलेला नसेल तर असेच होणार. निदानाची पहिली पायरी म्हणूनच प्रश्नाची असते: बंद पडलेली वस्तू कोणत्या व्यवस्थेवरची, आणि त्या व्यवस्थेला या क्षणी वीज कोण देते आहे? खांब, जनरेटर, बॅटरी, सौर पॅनेल की पुढची गाडी? फर्नेसच्या गोष्टीतला खरा पुरावा इथेच होता. खांबाला जोडल्यावर तो पेटतो आणि बॅटरीवर पेटत नाही, या एका निरीक्षणाने फर्नेस निर्दोष ठरतो आणि संशय बॅटरीकडून येणाऱ्या वाटेकडे सरकतो. मीटर हातात घेण्याआधीच अर्धा तपास झाला.

जोडच का सुटतात, याचे उत्तर बांधणीत आहे. अमेरिकेतले बहुतेक ट्रेलर इंडियाना राज्यात, एल्कहार्ट शहराच्या परिसरात तयार होतात. भिंती बंद होण्याआधी वायरी ओढल्या जातात, आणि नंतर त्यांच्यावर प्लायवूड, फोम आणि खालून प्लास्टिकचा पत्रा चढतो. भिंतीतली सॉकेट्सही अनेकदा घरच्यासारखी स्क्रूने आवळलेली नसतात. वायर पाठीमागून दाबून बसवली की आतली धातूची पाती आवरण चिरून तांब्याला टेकतात. काम झटपट होते आणि नियमांनाही ते मान्य आहे, पण तांबे आणि पाते यांची भेट त्या एका दाबावरच टिकून असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेचे ५५१ वे कलम अशा वाहनांसाठीच आहे. त्यानुसार १२० व्होल्टच्या वायरिंगला कारखान्यातच ९०० व्होल्ट एक मिनिटभर, किंवा १०८० व्होल्ट एक सेकंदभर देऊन आवरण फुटत नाही ना हे पाहावे लागते. चाचणी कडक आहे, पण ती वीज भलतीकडे गळत नाही एवढेच सांगते. वीज पाहिजे तिथे पुरेशी पोचते का, स्क्रू किती घट्ट आहे आणि दोन हजार मैल रस्त्यावर धडधडल्यानंतर तो किती घट्ट राहील, हे तिला विचारलेलेच नसते. घर जागचे हलत नाही, म्हणून घराच्या वायरिंगमधला काठावरचा जोड वीस वर्षे निभावून जातो. ट्रेलर हलतो, भिजतो, हिवाळ्यात अंगणात गोठतो, उन्हात तापतो. बॅटरी पुढच्या दांडीवर उघड्यावर, पुढच्या गाडीने उडवलेल्या चिखल-मिठाच्या माऱ्यात बसलेली असते. तिच्याशेजारी चेसीवर छोटे आपोआप जुळणारे ब्रेकर असतात. त्यांचे तांब्याचे खिळे बहुधा उघडेच असतात, आणि काही वर्षांत त्यांच्यावर हिरवा गंज चढतो.

आता थोडे गणित, कारण सगळा युक्तिवाद त्याच्यावर उभा आहे. एखाद्या खराब जोडाचा रोध ०.१ ओहम आहे असे धरा. त्यातून १० अँपिअर गेले तर १ व्होल्ट तिथेच खर्ची पडतो. १२० व्होल्टच्या व्यवस्थेत हा एक टक्काही नाही, कुणाच्या लक्षातही येणार नाही. १२ व्होल्टच्या व्यवस्थेत तो आठ टक्के आहे, आणि पूर्ण भरलेल्या साध्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीचे १२.६ आणि अर्ध्या रिकाम्या बॅटरीचे सुमारे १२.२ यांतल्या फरकाच्या दुपटीहून जास्त आहे. असा एक जोड भरलेल्या बॅटरीला रिकामी भासवतो. आणि तोच जोड एलईडी दिव्यांच्या अर्ध्या अँपिअरला अडवत नाही, कारण तेव्हा त्याच्यावर फक्त ०.०५ व्होल्ट पडतात. म्हणून ‘दिवे तर लागतात, म्हणजे वायरिंग ठीक आहे’ हे विधान ट्रेलरमध्ये जवळजवळ निरर्थक ठरते. स्वस्त डिजिटल मल्टीमीटरही इथेच फसवतो. त्याचा स्वतःचा रोध लाखो ओहमचा असतो, तो नगण्य प्रवाह ओढतो, त्यामुळे केसाएवढ्या तारेवर लोंबकळणारा जोडही त्याला १२.६ दाखवतो. जुने मेकॅनिक तपासणीला बल्ब लावायचे, त्यात हाच शहाणपणा होता. बल्ब थोडा तरी प्रवाह मागतो आणि जोडाची परीक्षा घेतो.

योग्य पद्धत अशी. फर्नेसचा पंखा चालू ठेवायचा. बॅटरीच्या दोन शिशाच्या खुंट्यांवर मीटर लावायचा, मग फर्नेसच्या बोर्डावर. उदाहरणादाखल, खुंट्यांवर १२.३ आणि बोर्डावर १०.८ मिळाले, तर दीड व्होल्ट वाटेत आहे. बॅटरी आणि फर्नेस या दोघांनाही सोडून द्यावे. याउलट खुंट्यांवरचेच व्होल्टेज कोसळले तर बॅटरी दोषी. लेड-अ‍ॅसिड बॅटरीत सुमारे २.१ व्होल्टचे सहा कप्पे असतात, त्यामुळे चार्ज करूनही बॅटरी १०.५ च्या आसपास अडून राहिली तर एक कप्पा मेला, असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते. दीड व्होल्ट वाटेत असतील तर वाट मधोमध तोडायची. धन बाजूचा मीटर बॅटरीच्या खुंटीपासून फ्यूजपेटीपर्यंत, ऋण बाजूचा खुंटीपासून चेसीपर्यंत आणि चेसीपासून पेटीपर्यंत. ज्या तुकड्यावर आकडा दिसेल तो तुकडा पुन्हा अर्धा करायचा. चार-पाच मोजण्यांत एक नट हाती लागतो. पुष्कळदा तो ऋण बाजूलाच सापडतो, आणि ऋण बाजू तपासायची आठवण सगळ्यांत शेवटी होते. चेसी हीच परतीची तार असल्याने रंग लावलेल्या लोखंडावर आवळलेला एक स्क्रू साऱ्या घराचा प्रवाह वाहत असतो. आतला पृष्ठभाग घासून चकचकीत करून, नवी थिम्बल दाबून, वर ग्रीस लावले की फर्नेस पेटतो. या कामाला सामान फारसे लागत नाही.

बॅटरीभोवतीच्या काही सापळ्यांवर मात्र जरा रेंगाळायला हवे, कारण तिथे बिघाड माणूस स्वतः घालतो. मोटारीत काळी तार म्हणजे ऋण, हे सवयीने डोक्यात बसलेले असते. अनेक अमेरिकन ट्रेलरांत मात्र काळी तार धन आणि पांढरी ऋण असते, घरगुती वायरिंगच्या प्रथेसारखी. हिवाळ्यात बॅटरी काढून ठेवायची आणि वसंतात परत जोडायची, या दर वर्षीच्या विधीत ती उलटी जोडली जाते. एक ठिणगी उडते, आणि कन्व्हर्टरमधले उलट जोडणीपासून वाचवणारे फ्यूज, बहुधा दोन आणि मोठ्या अँपिअरचे, प्राण देतात. यानंतरचा गोंधळ पाहण्यासारखा असतो: खांबाची वीज जोडलेली, तरी बॅटरी भरत नाही. कन्व्हर्टर मेला असे समजून नवा मागवला जातो, आणि जुन्यात गेलेले असतात फक्त दोन फ्यूज. दुसरा सापळा संथ गळतीचा. गॅसगळती ओळखणारे यंत्र, रेडिओची स्मृती, फ्रिजचा बोर्ड मिळून अर्धा अँपिअर घेत असतील तर दिवसाला १२ अँपिअर-तास गेले. ८० अँपिअर-तासांची बॅटरी अर्ध्याच्या खाली नेऊ नये हा नियम धरला, तर अंगणात बंद उभा असलेला ट्रेलर तीन-साडेतीन दिवसांत तिथे पोचतो. हे केवळ गैरसोयीचे नाही. ट्रेलर धावताना गाडीपासून सुटलाच तर त्याचे विद्युत ब्रेक लावणारा ब्रेकअवे स्विच याच बॅटरीवर अवलंबून असतो.

१२० व्होल्टच्या बाजूला हाच तर्क चालतो, पण पणाला लागलेले वेगळे असते. तिथे सैल जोड आग लावतो. एअर कंडिशनर आणि पाण्याचा हीटर मिळून २५ अँपिअर ओढत असताना प्लगच्या एका पात्याशी ०.१ ओहम रोध असेल, तर त्या बोटभर जागेत ६२ वॉट उष्णता साठते. अडीच-तीन व्होल्टची घट मीटरवर क्षुल्लक दिसते, पण प्लास्टिक तपकिरी पडते, मग वितळते. कॅम्पग्राउंडच्या खांबावरची सॉकेट्स दर दुसऱ्या दिवशी नव्या हाताने खेचली-खुपसली जातात, त्यांचे स्प्रिंग ढिले पडलेले असतात. मुक्कामी पोचल्यावर तासाभराने प्लगला हात लावून पाहणे ही फुकटची तपासणी आहे. कोमट चालेल. चटका बसत असेल तर ब्रेकर पाडून जागा बदलावी. भर उन्हाळ्यात सगळ्या ओळीचे एअर कंडिशनर एकदम चालू असतील तर खांबावरचेच व्होल्टेज घसरते, आणि त्यात आपण घरची बारीक वायर वाढवली की भर पडते. शंभर फूट लांबीच्या १४ गेजच्या अशा वायरीत १५ अँपिअरला साडेसात व्होल्ट जातात. कॉम्प्रेसरला याचा त्रास दिव्यांपेक्षा कितीतरी जास्त होतो, कारण कमी व्होल्टेजला मोटार जास्त प्रवाह ओढून तापते. म्हणूनच संरक्षक उपकरणे सुमारे १०४ व्होल्टच्या खाली पुरवठा तोडतात.

खांबाच्या चुका मात्र खऱ्या अर्थाने घातक. लहान ट्रेलरचा ३० अँपिअरचा प्लग तीन पिनांचा आणि १२० व्होल्टचा असतो, म्हणजे एकूण ३६०० वॉट. तो जुन्या २४० व्होल्टच्या कपडे वाळवणाऱ्या यंत्राच्या प्लगसारखा दिसतो. घराशेजारी ट्रेलरसाठी सॉकेट बसवून द्या म्हटल्यावर चांगला परवानाधारक वायरमनही सवयीने त्यात २४० सोडतो आणि क्षणात कन्व्हर्टर, मायक्रोवेव्ह, टीव्ही जळतात. ही चूक अमेरिकेत इतकी ओळखीची आहे, की नव्या सॉकेटमध्ये मीटर घातल्याशिवाय प्लग घालू नये. मोठ्या ट्रेलरच्या ५० अँपिअरच्या जोडणीत १२० व्होल्टच्या दोन फेज आणि एक सामाईक न्यूट्रल असतो, त्यामुळे १२ हजार वॉट मिळतात. त्या न्यूट्रलचा जोड सुटला तर काय होते हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या इमारतीच्या रहिवाशाला सांगायला नको. न्यूट्रल तुटला आणि सगळ्या मजल्यावरचे टीव्ही गेले, ही बातमी आपल्याकडे ऐकलेली असते. तिथेही तेच. दोन्ही बाजूंची उपकरणे २४० व्होल्टवर एकामागोमाग जोडल्यासारखी होतात. एका फेजवर १२०० वॉटचा आणि दुसऱ्यावर ४०० वॉटचा साधा हीटर असेल, तर जड बाजूला ६० आणि हलक्या बाजूला १८० व्होल्ट येतात. टीव्ही जळाला म्हणून टीव्हीवाल्याला दोष देऊन नवा आणला, की तोही त्याच संध्याकाळी जातो. वाट न तपासता वस्तू बदलण्याची किंमत इतकी रोख दुसरीकडे कुठे मोजावी लागत नसेल.

अर्थिंगच्या बाबतीत तर उपकरणाच्या उत्तरावरही विश्वास टाकताना जपावे लागते. ट्रेलर रबरी चाकांवर उभा, म्हणजे जमिनीपासून तुटलेला. त्याच्या सांगाड्याला सुरक्षित ठेवणारी एकच वाट म्हणजे खांबाकडून वीज आणणाऱ्या दोरीतली अर्थिंगची तार. ती तुटली आणि आत कुठे थोडी जरी गळती असली, तर सांगाडा भारित होतो आणि ओल्या गवतावर उभे राहून दाराची मूठ धरणाऱ्याला झटका बसतो. तीन दिव्यांचा तपासणी प्लग बहुतेक चुका पकडतो. पण चाकांवरच्या घरांच्या विद्युतसुरक्षेवर सातत्याने लिहिणाऱ्या माइक सोकोल यांनी ज्या एका चुकीकडे लक्ष वेधले, ती त्याला दिसत नाही. जुन्या, अर्थिंग नसलेल्या सॉकेटमध्ये कुणी न्यूट्रल आणि अर्थिंगच्या खुंट्या एका तुकड्याने जोडून टाकतो आणि त्यातच फेज-न्यूट्रल उलटे असतात. मीटर फेज-न्यूट्रलला १२०, फेज-अर्थिंगला १२०, न्यूट्रल-अर्थिंगला शून्य दाखवतो. सगळे आकडे आदर्श, आणि ट्रेलरचा सांगाडा पूर्ण १२० व्होल्टवर. कारण मीटर सॉकेटच्या तीन भोकांची आपापसांतच तुलना करतो, जमिनीशी करत नाही. स्पर्शाशिवाय वीज ओळखणारा पेनाएवढा टेस्टर सांगाड्याजवळ नेला की मात्र तो ओरडतो. गळती ओळखून वीज तोडणाऱ्या जीएफसीआय सॉकेटबद्दलही गैरसमज असाच. बर्कलीच्या चार्ल्स डॅल्झील यांनी १९६१ मध्ये शोधलेले हे उपकरण ४ ते ६ मिलिअँपिअरच्या फरकाला पडते. घराच्या गॅरेजमधल्या अशा सॉकेटला ट्रेलर जोडला की ते पडते, आणि मालक वैतागून साध्या सॉकेटला जोडतो. पण ते सांगत असते, की पाण्याच्या हीटरच्या तापकाला चीर गेली आहे किंवा ट्रेलरमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंग एकमेकांना टेकले आहेत. ते टाळणे म्हणजे निदान हातात आलेले फेकून देणे. (आणि उलट, स्वयंपाकघराचे व बाहेरचे सॉकेट अचानक मेले तर बाथरूममधल्या सॉकेटचे बटण दाबून पाहावे. अनेक ट्रेलरांत ती सगळी एकाच साखळीत असतात.)

आता हरकती. पहिली आणि सगळ्यांत वजनदार: सामान्य माणसाने विजेत हात घालू नये. १२० व्होल्टच्या पेटीच्या आत घालू नयेच. तिथले वायरी धरणारे लग आवळायचे काम दोरी काढून, जनरेटर आणि इन्व्हर्टर बंद करून, वीज खरोखर नाही हे तपासून जाणकारानेच करावे. पण सॉकेटमध्ये मीटर लावणे, प्लगला हात लावून पाहणे आणि १२ व्होल्टच्या बाजूची मोजणी करणे हे त्या सीमेच्या अलीकडचे आहे. १२ व्होल्टने झटका बसत नाही. भाजते मात्र नक्की. हातातली अंगठी किंवा पाना दोन खुंट्यांवर आडवा पडला तर तो लाल होतो, म्हणून अंगठी काढून ठेवायची. दुसरी हरकत व्यवसायाची: तंत्रज्ञाचा तास महाग, मग तासभर जोड शोधत बसण्यापेक्षा संशयित बोर्ड बदलणे स्वस्त नाही का? संशय खरा असेल तर आहे. पण फर्नेसच्या गोष्टीत पाहिले, की चुकीच्या वस्तूचे पैसेही जातात आणि शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. शिवाय लोडवरच्या दोन मोजण्यांना तास लागत नाही, दहा मिनिटे पुरतात. कन्व्हर्टर मरतात, बॅटऱ्या म्हाताऱ्या होतात, हे मी नाकारत नाही. त्यांचा दोष सिद्ध करायलाही त्याच दोन मोजण्या लागतात, एवढेच म्हणतो. तिसरी हरकत, सगळे जोड एकदा घासूनपुसून आवळून टाकावेत, मोजायचे कशाला? दर वर्षी ते करावेच. पण हाताला लागणारे जोडच आवळता येतात. सरकत्या खोलीबरोबर हजारदा वाकून आवरणाच्या आत तुटलेली तार पान्याला सापडत नाही, व्होल्टेजच्या घटीलाच सापडते.

चौथी हरकत नव्या सामानाची. आता लिथियम बॅटरी आली, सौर पॅनेल आले, खांबावर लावायची संरक्षक पेटी आली, मोबाइलवर आकडे दिसतात. हा सगळा खटाटोप जुन्या काळचा. माझ्या मते प्रकरण उलट आहे. नवे सामान बिघाड कमी करते, आणि उरलेला बिघाड जास्त चांगला लपवते. सौर पॅनेल दिवसभर बॅटरी भरत असेल तर मेलेला कन्व्हर्टर पावसाळी आठवड्यापर्यंत उघडकीस येत नाही. लिथियम बॅटरीचे व्होल्टेज रिकामी होईपर्यंत जवळजवळ सपाट राहते, त्यामुळे १२.६ आणि १२.२ ची जुनी पट्टी निरुपयोगी ठरते. आणि तिच्यातला नियंत्रक गोठणबिंदूखाली चार्जिंग अडवतो किंवा जादा प्रवाहाला बॅटरीच तोडून टाकतो. मीटरवर शून्य पाहून मालक बॅटरी मेली म्हणतो, तेव्हा ती फक्त स्वतःला वाचवत असते. संरक्षक पेटी खांबाच्या चुका रोखते, पण तिच्या पुढच्या, ट्रेलरच्या आतल्या सैल लगबद्दल तिला काही कळत नाही. मोबाइलवर दिसणारा आकडा बॅटरीजवळच्या, प्रवाह मोजणाऱ्या शंटवर मोजलेला असतो, फर्नेसच्या बोर्डावरचा नसतो. आणि हरवलेले व्होल्ट तर या दोन जागांच्या मध्येच असतात.

महाराष्ट्रापुरते एक लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण २०२१ मध्ये राज्य सरकारने कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आणि अशी वाहने इथेही भाड्याने मिळू लागली आहेत. आपल्या २३० व्होल्टमुळे तेवढ्याच वॉटला जवळजवळ निम्मा प्रवाह लागतो. सैल जोडातली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे त्याच जोडात ती जवळपास चौथाईवर येते. एसीच्या बाजूला ही खरी सवलत आहे. पण १२ व्होल्टची बाजू जगभर सारखीच, तिथे एल्कहार्टमधला गणिताचा कागद कोकणातही तसाच लागू पडतो. उलट कोकणातली खारी दमट हवा तांब्यावर अ‍ॅरिझोनाच्या कोरड्या वाळवंटापेक्षा लवकर गंज चढवते. आणि रिसॉर्टच्या बागेतल्या सॉकेटला दोरी जोडताना अर्थिंग खरोखर जमिनीत गेले आहे का, हा प्रश्न इथे जास्तच विचारायला हवा.

शेवटची अडचण मालकाच्या हातात नाही. वाट मोजायची तर वाटेचा नकाशा हवा, आणि ट्रेलरबरोबर मिळणाऱ्या जाडजूड पाकिटात फ्रिजचे, फर्नेसचे, मायक्रोवेव्हचे, अगदी छतावरच्या पंख्याचेही पुस्तक असते. त्या सगळ्यांना जोडणाऱ्या वायरिंगचा आराखडा मात्र अनेकदा नसतो. वायरीचा रंग भिंतीच्या आत मध्येच बदलतो, कारण त्या दिवशी कारखान्यात तोच रोल हाताशी होता. भिंती बंद होण्याआधी प्रत्येक मॉडेलची चार छायाचित्रे काढून पाकिटात घालायला, आणि चेसीवरचा ऋण जोड हाताला लागेल अशा जागी आणायला, कारखान्याला फार खर्च येणार नाही. तोपर्यंत आपली ऋण तार चेसीला नेमकी कुठे आवळली आहे, हे अनेकांना पोटाखालचा प्लास्टिकचा पत्रा कापल्यावरच कळत राहील.